तांदळाच्या दोन बंदुका

बहरीनमधल्या जनाबियाच्या त्या घराला दोन स्वयंपाकघरं होती. आतलं मॅडमचं, पांढऱ्या फरशीचं, काचेच्या कपाटांचं. तिथे कॉफी व्हायची, पाव भाजला जायचा. बाहेरचं आमचं, गाड्या लावायच्या जागेला चिकटून, वर पत्रा. ज्याचा वास पडद्यांना लागतो ते सगळं तिथे. आई तिथे साफी मासे तळायची, मसाला भाजायची, खोबरं वाटायची. पत्र्यावर दिवसभर कबुतरं चालायची आणि त्यांच्या नखांचा टकटक आवाज यायचा. शेजारी एसीचं यंत्र घरघरायचं. त्याचं पाणी जिथे ठिबकायचं तिथे आईने अळू लावलं होतं, आणि त्या उन्हातही ते असं माजलं होतं की शेजारच्या घरची केरळची बाई पानं मागायला यायची. पहाटे शमाल वारा सुटला की पत्र्यावर वाळू सरसरायची आणि आई झोपेतूनच म्हणायची, "कपडे काढ गो आत." माझ्या तरुणपणाचा आवाज कोणता असं कोणी विचारलं तर मी हाच सांगेन. पण असं कोणी विचारत नाही.

बाबा त्या घरचे ड्रायव्हर, आई स्वयंपाकाला, मी झाडूपोछाला. साहेब तेलाच्या कामावर मोठे इंजिनियर, अमेरिकेचे. अंगाने दांडगे, आवाजानेही. हसले की आतल्या कपाटाच्या काचा वाजायच्या. कॅरल मॅडम त्यांच्या निम्म्याने, माझ्या कानाएवढ्या उंच, मनगटं माझ्याहून बारीक. त्यांची मुलं शिकायला परत तिकडे गेली होती, त्यामुळे घरात माणसं कमी आणि खोल्या फार. मी तेव्हा एकोणीस वर्षांची असेन. गावी आजो वारले, म्हणजे माझे आजोबा, आणि मला एकटीला ठेवायला कोणी उरलं नाही, म्हणून मॅडमनी माझेही कागद करून घेतले. तोपर्यंत मी आजोंपाशीच वाढले. कणकवलीच्या आतल्या बाजूला आमचं गाव. चौथीपर्यंतची शाळा वाडीत होती. पाचवीची नदीपलीकडे, आणि साकव पावसात वाहून गेला की चार महिने रस्ता बंद. मग मी आजोंबरोबर शेतावर जायला लागले.

आजोंकडे ठासणीची बंदूक होती, डुकरांपासून भात राखायला परवाना मिळतो ती. नळीतून दारू ओतायची, चिंधी ठासायची, छर्रे घालायचे. संध्याकाळी ते बंदूक घेऊन निघायचे आणि मी मागे पाण्याचा तांब्या घेऊन. बहुतेक वेळा ते हवेतच बार काढायचे. बंदूक घराबाहेर असेपर्यंत आजो भात खात नसत. आधी भाकरी, नाहीतर काहीच नाही. बंदूक खुंटीला परत लागली, काम नीट संपलं, की मगच भात. हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. कारण विचारलं तर म्हणायचे, "भातासाठीच ना भायर पडलंव? मग ता राखल्याशिवाय कसा खावचा?"

चौदाव्या वर्षी मी ती बंदूक उचलली. आजोंना ताप होता, ते शेतावरच्या मांगरात पडून होते. दिवस मावळायला आलेला, आणि खालच्या कोपऱ्यात डुकरं शिरली. बार भरलेलाच होता. बंदूक माझ्याहून फार लहान नव्हती. दस्ता खांद्याला लागला तर बोट चापाला पोचेना, चापाला पोचलं तर दस्ता काखेत जाई. शेवटी कशीतरी धरली, आणि ओढताना डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा एक डुक्कर मागचा पाय ओढत करवंदीच्या जाळीत शिरत होतं. आजो तापातच उठले. तीन दिवस ते त्या जनावराच्या मागावर होते, त्याला तसंच सोडायचं नाही म्हणून. तीन दिवस भात नाही. तिसऱ्या दिवशी ते वहाळाच्या काठी मेलेलं सापडलं. मी मार खायच्या तयारीत उभी होते. आजो म्हणाले, "चूक तुझी नाय गो बाय. ती बंदूक तुझ्या मापाची नाय." मग त्यांनी मला माप घ्यायला शिकवलं. दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं, हात चापाकडे न्यायचा. बोटाचं पहिलं पेर चापावर बसलं तर बंदूक तुझी. नाही बसलं तर कितीही चांगली असो, ती दुसऱ्याची. त्यांनी हे सगळं पत्रात लिहवून बाबांना बहरीनला कळवलं होतं, माझ्यावर रागावू नको म्हणून. ते पत्र आईने अजून सांभाळलंय.

तर मॅडम एका वर्षी सुट्टीवरून परत आल्या त्या उजव्या खांद्यावर काळानिळा डाग घेऊन. आईने आंबेहळद उगाळून लावली. बाबांनी इंग्रजीतून विचारून घेतलं आणि आम्हाला सांगितलं, मॅडमना शिकारीला जायचंय. तिकडे एक हरिण असतं, मोकळ्या माळावरचं. त्याचा परवाना चिठ्ठी टाकून मिळतो, आणि मॅडमचं नाव बरीच वर्षं यादीत पुढे सरकत होतं. येत्या मोसमात लागणार हे जवळजवळ नक्की होतं. एकदा लागलं की पुन्हा इतकी वर्षं थांबायचं. सुट्टीत साहेबांच्या भावाने आपली मोठी बंदूक चालवायला दिली, तिने तो डाग केला होता. तिकडे पैसे घेऊन वाटाडे मिळतात, ते जनावर दाखवतात, बंदूकसुद्धा रोखून देतात, माणसाने फक्त चाप ओढायचा. मॅडमना वाटाड्या नको होता. त्यांचे वडील शिकारी होते. ते मुलांना घेऊन जायचे आणि मॅडमना घरी ठेवायचे, डबे भरायला. म्हणून आता सगळं स्वतः. नकाशा स्वतः, तंबू स्वतः, बंदूक स्वतःची.

पुढे महिनाभर जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला. मी टेबल पुसायला गेले की मॅडम नकाशा उचलून धरायच्या, मी खालून फडका फिरवायचा. त्या हरणाचा फोटोही तिथेच असायचा. ओल्या वाळूचा रंग, पोट आणि ढुंगण पांढरं, काळी शिंगं आणि शिंगाला पुढच्या बाजूने एक खुंटी फुटलेली, दोरी अडकवायला केल्यासारखी. डोळे म्हशीएवढे आणि अगदी बाजूला. नकाशात सगळीकडे पिवळं. साहेब रात्री जेवताना बोट फिरवून सांगायचे, इथे गाडी लावायची, या टेकाडावर झोपायचं, आणि चारशे यार्डांवरून मारायचं. एवढ्या उघड्यावर जवळ जाताच येत नाही, म्हणून बंदूक मोठीच हवी. मॅडम मान हलवायच्या. मला मात्र त्या सगळ्या बोलण्यात एका गोष्टीची रुखरुख लागली होती. एका सकाळी मॅडम एकट्या होत्या. हातात फडका धरून मी विचारलं, "मॅडम, दिस अ‍ॅनिमल, वॉटर कुठे ड्रिंक?"

मी त्यांच्याशी आपणहून बोललेली ती पहिली गोष्ट. तोवर माझं इंग्रजी 'येस मॅडम'वर भागत होतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग नकाशाकडे. पिवळ्यात कुठे कुठे निळे ठिपके होते. बराच वेळ त्यांनी बोट एका ठिपक्यावर ठेवलं. पवनचक्कीने पाणी ओढून टाकीत सोडतात, गुरांसाठी, असं त्यांनी मला चित्र काढून समजावलं. मी म्हटलं, "सिट हिअर. वेट. फुल डे." आमच्याकडे उन्हाळ्यात आजो असंच करायचे. जनावराच्या मागे पळत नाहीत, पाण्याकडे तोंड करून बसतात. मॅडम हसल्या आणि त्या ठिपक्याला पेन्सिलीने गोल केला.

तिथून आमची तयारी सुरू झाली. बहरीनमध्ये मॅडमना बंदूक कुठून मिळणार? सुट्टीतून आणलेलं एक जाड पुस्तक होतं, पानोपानी बंदुकांची चित्रं, खाली लांबी आणि वजन. अक्षरं मला येत नव्हती, पण आकडे सगळीकडे सारखेच असतात. त्यांपैकी दोन बंदुकांवर खूण केलेली होती. एकीवर तीनशेचा आकडा, ती साहेबांची आवडती. दुसरी दोनशे त्रेचाळीसची, आखूड दस्त्याची. मी फरशी पुसायच्या दोन काठ्या घेतल्या, त्या त्या लांबीवर कापल्या, वर चापाच्या जागी खिळा मारला, आणि आजोंचं कोपराचं माप माझ्या हातावर मॅडमना करून दाखवलं. मग जुन्या उशीच्या अभ्र्याच्या पिशव्या शिवल्या, त्यात तांदूळ भरले आणि आतल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर पौंडात तोलून, पुस्तकातल्या वजनाइतके झाले की काठीला बांधले. आई म्हणाली, "ह्या नवीनच. तांदळाचे बंदुके!" पण तांदूळ तिनेच निवडून दिले. बंदुकीत खडा नको म्हणाली.

हिवाळ्यात सगळं बहरीन वाळवंटात तंबू ठोकतं. आम्हीही शुक्रवारी पहाटे जायचो, बाबा गाडी चालवायचे, मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेल्या दोन काठ्या. मी हरिण व्हायचे. एका टेकाडावर दुर्बीण घेऊन बसायचं आणि मॅडम कुठून येतात ते ओळखायचं. दिसल्या की हात वर करायचा. पहिल्या आठवड्यात मी त्यांना फुकट छळलं. डुकराचं नाक तिखट आणि डोळे मंद, तेवढंच मला ठाऊक. म्हणून मी मॅडमना चार दिवस साबण लावू दिला नाही, सेंट बंद केला, वरून अंगाला ओली माती फासली. साहेबांनी बाबांना गाडीत विचारलं, "तुझी मुलगी माझ्या बायकोचं काय करत्येय?" आणि एवढं करून मॅडम रांगत येताना मैलावरून दिसत होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या जनावराचे डोळे बाजूला आहेत. हे हुंगण्यावर नाही, बघण्यावर जगतं. मग साबण परत दिला. वाऱ्याचं सोडलं, हलायचं नाही हे धरलं. मॅडम खड्ड्यात बसून राहायला शिकल्या. तासभर, दीड तास. नाकावर माशी बसली तरी हात नाही. एका शुक्रवारी मी दुर्बीण फिरवून फिरवून थकले आणि मॅडम माझ्यापासून तीस पावलांवर उठून उभ्या राहिल्या. तेव्हा इतक्या जोरात ओरडल्या की लांबच्या तंबूतली माणसं बाहेर आली. बाबांनी मान खाली घातली आणि हसत राहिले. बाबांना तसं हसताना मी फार कमी बघितलंय.

पण त्याच दिवसांत मी आणखी एक गोष्ट बघितली होती. मॅडम मोठी काठी खांद्याला लावून खिळ्यावरचं बोट ओढायच्या तेव्हा त्यांचे डोळे मिटायचे. काठी ती. तिच्यात दारू नाही, आवाज नाही, फक्त तांदूळ. तरी मिटायचे. खांद्याला तो डाग अजून आठवत होता. लहान काठीने मिटत नसत. हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "तू गप रव. सायबाच्या घरातली गजाल ती. आपणाक काय करूचा आसा?"

मी गप्प राहिले. दोन आठवडे राहिले. पण करवंदीच्या जाळीत शिरणारा तो पाय मला दिसायचा. फडका मारताना दिसायचा, अळूची पानं कापताना दिसायचा. मॅडम इतकी वर्षं थांबून तिथे जाणार, डोळे मिटणार, आणि जनावर पाय ओढत त्या पिवळ्या माळावर निघून जाणार. तिथे तर जाळीही नाही, आणि मागावर जायला आजोही नाहीत.

मग तो शुक्रवार आला. साहेबांचे दोन मित्र जेवायला होते. आईने सुरमईचं तिखलं केलेलं, साहेबांना ते फार आवडायचं. ते भातावर ओतून घ्यायचे आणि घाम पुसत खायचे. पुस्तक टेबलावर उघडं होतं, तीनशेच्या आकड्याभोवती पेनाने गोल. उद्या सकाळी भावाला फॅक्स जाणार, भाऊ तीच बंदूक घेऊन ठेवणार. साहेब मित्रांना सांगत होते, चारशे यार्ड, एक गोळी, खलास. मित्र हसले. मॅडमही हसल्या, पण त्यांचा डावा हात उजव्या खांद्याकडे गेला आणि तिथेच राहिला. मी भाताचं भांडं घेऊन साहेबांच्या शेजारी उभी होते.

मी म्हटलं, "नो, सर."

साहेबांनी वर बघितलं. "नो व्हॉट? नो राइस?"

सगळे हसले. मी म्हटलं, "नो बिग गन, सर."

बाबा बर्फाची बादली घेऊन दारात आले होते. "शालू!" ते दबक्या आवाजात म्हणाले. पण मी भांडं खाली ठेवून बाहेर पळाले होते. पळून जायचं असतं तर खोलीत गेले असते. मी स्वयंपाकघराच्या दारामागून दोन्ही काठ्या आणल्या. मोठी मॅडमच्या हातात दिली आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. "मॅडम, शूट क्लॉक." मॅडमना गंमत वाटली. त्या उभ्या राहिल्या, काठी रोखली. मी साहेबांना म्हटलं, "सर, लूक आईज. मॅडम, फायर!"

मॅडमचे डोळे मिटले. साहेबांनी बघितलं. त्यांच्या मित्रांनीही बघितलं. "अगेन," मी म्हटलं. पुन्हा मिटले. मग मी लहान काठी दिली. "फायर!" डोळे उघडे, घड्याळावर. मी म्हटलं, "क्लोज आईज, अ‍ॅनिमल नो डेड. हर्ट. गो. थ्री डेज." आणि तीन बोटं वर केली. ती तीन बोटं कोणाला कळायची? सगळे एकमेकांकडे बघत राहिले. एक बाबा सोडून.

बाबांनी बादली जमिनीवर ठेवली. ते साहेबांशी रस्त्याचं आणि गाडीचं सोडून कधी काही बोलत नसत. ते पुढे आले, हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, माय फादर शिकारी. शी नोज."

मॅडम लालबुंद झाल्या होत्या. त्यांनी काठी टेबलावर ठेवली, कोणाकडे न बघता जिना चढून वर गेल्या. वरचं दार लागल्याचा आवाज आला. साहेब तसेच बसून राहिले, भाताला हात न लावता.

बाहेरच्या स्वयंपाकघरात आल्यावर बाबांचा धीर सुटला. "चार माणसात मॅडमची लाज काढलंस. उद्या सायबान तिकिटा हातात दिल्यान तर आमी खय जावचा?" मी म्हटलं, "तुमीच तर सांगितलास शी नोज म्हणान." बाबा म्हणाले, "माझ्या तोंडातसून गेला ता." आई म्हणाली, "गेला ता बरा गेला," आणि उरलेलं तिखलं झाकून ठेवलं. त्या दिवशी आमच्यापैकी कोणी फारसं जेवलं नाही.

आज मी बहरीनमध्येच, हिद्दला मुलाच्या घरी राहते. गच्चीवरून बंदराच्या क्रेना दिसतात. मी मोठ्या माणसांत बोलते का, तर अजूनही नाही. डॉक्टरकडे गेले तरी सूनच बोलते. पण कधी वाटतं, ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या एका दिवशी मी बोलले. नात मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आजी, यू वेअर सो ब्रेव्ह." तसं नव्हतं. मला फक्त ते डुक्कर दिसत होतं.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई डाळ शिजत घालत होती आणि मी खोबरं किसत होते, तेव्हा दारात सावली पडली. मॅडम. रात्रीच्याच कपड्यांत, पायात काही नाही, काखेत ते पुस्तक. बाहेरच्या स्वयंपाकघरात त्या कधी येत नसत. त्या आईच्या स्टुलावर बसल्या. मॅडमनी हात पुढे केला, कोपरातून वाकवला आणि म्हणाल्या, "शालू, मेजर."

मी लहान काठी आणली. टोक त्यांच्या कोपराच्या खोबणीत टेकवलं, हात खिळ्याकडे नेला. बोटाचं पहिलं पेर खिळ्यावर असं बसलं की सुताराने माप घेऊन ठोकल्यासारखं. मोठ्या काठीवर तेच बोट दोन अंगुळं अलीकडे राहिलं. मॅडमनी ते दोनदा करून बघितलं. मग पुस्तकातल्या तीनशेवर काट मारली आणि दोनशे त्रेचाळीसला गोल केला. उठताना म्हणाल्या, माझ्या वडिलांनी हे माप भावांचं घेतलं असेल, माझं कधी घेतलं नाही. बाबांनी मला नंतर त्याचा अर्थ सांगितला. फॅक्स साहेबांनीच केला. संध्याकाळी गाडीत ते बाबांना म्हणाले, घरात आता बॉस कोण ते कळलं, आणि एकटेच हसले. तिकिटं कोणी हातात दिली नाहीत.

उन्हाळा ओसरता ओसरता मॅडम गेल्या. एकट्या. बाबांनी विमानतळावर सोडलं. ज्या दिवशी मॅडम माळावर पोचणार होत्या त्या दिवसापासून मी भात बंद केला. कोणाला सांगितलं नाही. बंदूक घराबाहेर होती, आणि माप मी घेतलं होतं. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअर दुकानातून खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, आणायचे आणि आमटीत बुडवून खायचे. चौथ्या दिवशी आईच्या लक्षात आलं. "भात कित्याक खाणस नाय गो? पोटात दुखता?" मी म्हटलं, खुबूस आवडतो. आई ताट उचलता उचलता म्हणाली, "काय तरी साथ इली हा. तुझो बापूस पण चार दिवस खुबूसच खातासा."

मी बाबांकडे बघितलं. बाबा गाडीची चावी कापडाने पुसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आजो त्यांचे वडील होते हे मला तोवर जसं ठाऊक होतं त्याहून त्या दिवशी वेगळं ठाऊक झालं.

आणखी आठवडा गेला. साहेबांना फोन येत असतील, पण साहेब कामाच्या दौऱ्यावर आणि आम्ही विचारणार कोणाला? मग एका दुपारी गाडी वाजली. बाबा मॅडमना विमानतळावरून घेऊन आले होते. मॅडम घरात शिरल्याच नाहीत. सामान गाडीतच, त्या थेट पत्र्याखाली आल्या. चेहरा उन्हाने भाजलेला, ओठ फुटलेले. हातानेच सांगायला लागल्या. दोन दिवस पवनचक्कीपाशी खड्ड्यात, काही नाही. नुसता वारा. गुरं आली, पाणी पिऊन गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी चार माद्या आणि मागे एक नर. इतका जवळ की पाणी पितानाचा घोट ऐकू येत होता. पन्नास पावलं, त्या म्हणाल्या. मी हातात खोबऱ्याची वाटी घेऊन उभी होते. मॅडमनी आपल्या डोळ्यांकडे दोन बोटं नेली.

"आईज ओपन, शालू. बोथ."

बाबा मॅडमच्या मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, हाऊ मेनी बुलेट?"

मॅडमनी एक बोट वर केलं. मग पर्समधून फोटो काढून माझ्या ओल्या हातात दिला. माळ अगदी आमच्या वाळवंटासारखाच, फक्त गवत. हरिण पाण्याच्या टाकीपाशी जिथे होतं तिथेच पडलेलं, पाय ओढल्याची एक रेघ नाही. शेजारी मॅडम बसलेल्या, मांडीवर ती आखूड दस्त्याची बंदूक. फोटो काढायला कोणी नव्हतं, कॅमेरा दगडावर ठेवला होता, म्हणून फोटो थोडा कलला आहे. तो माझ्या पेटीत अजून तसाच आहे.

मॅडम आत गेल्यावर बाबा आईला म्हणाले, "भात घाल." आईने डबा उघडायला हात नेला. बाबा म्हणाले, "त्यातलो नको," आणि दारामागची लहान काठी काढून तिची पिशवी सोडली. तांदूळ वर्षभर बांधून पिवळट झाले होते. आईने ते तीनदा धुतले. शिजताना वास आला तेव्हा मला पहिल्यांदा भूक लागली. आमच्या घरात पहिला घास नेहमी बाबांचा असायचा, ते सुरू करेपर्यंत आम्ही हात लावत नसू. त्या दुपारी बाबांनी ताट पुढे ओढलं, भातावर आमटी घेतली, आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत थांबले.

मी भात कालवला आणि पहिला घास घेतला.